थँक्सगिव्हिंगचं टेबल अनघड आणि उबदार सजवायचं तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑक्टोबर अर्धा सरला की माझा फोन वाजायला लागतो. "यंदा आमच्याकडे चौदा जण आहेत, टेबलाचं काय करू गं?" थँक्सगिव्हिंग हा अमेरिकेतला सुगीचे आभार मानत एकत्र जेवायचा सण, पण इथे आल्यावर पहिली काही वर्षं आपल्याला ती नुसती चार दिवसांची सुट्टी असते. मग कुणाकडे तरी जेवायला जातो, आणि एका वर्षी बघता बघता सगळे आपल्याच घरी येऊन बसतात. प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. सगळ्या उत्तरांत माझा एक हट्ट दिसेल, तो आधीच सांगते. टेबलावर मांडाल ते दुसऱ्या दिवशी एकतर स्वयंपाकघरात गेलं पाहिजे, नाहीतर परसातल्या मातीत. सुतळी आणि मेणबत्त्या तेवढ्या माफ.

तयारीला कधी लागायचं?

वाटतं त्यापेक्षा आधी. थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, म्हणजे २२ ते २८ तारखेच्या दरम्यान येतं. लिंकन यांनी १८६३ मध्ये नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार जाहीर केला होता; चौथ्या गुरुवारचा कायदा १९४१ चा. तारखा कशाही ठरल्या असोत, तोवर ईशान्येकडच्या राज्यांत झाडं पार बोडकी झालेली असतात. कॅनडातल्या मैत्रिणींचं बरं आहे, त्यांचा सण ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी असतो आणि पानं अजून झाडावर असतात. आपल्याला लाल-पिवळी पानं हवी असतील तर ती ऑक्टोबरमध्येच गोळा करून ठेवायची.

भोपळ्यांचं उलट आहे. ३१ ऑक्टोबरचं हॅलोवीन उरकलं की दुकानांना उरलेले भोपळे कधी एकदा जातात असं झालेलं असतं, त्या आठवड्यात स्वस्त मिळतात. ताजी फुलं मंगळवारी आणा. टेबल बुधवारी रात्री, सगळे झोपल्यावर मांडा. गुरुवारी सकाळी ओव्हन, फोन आणि पाहुणे यांतून कुणाला फुरसत नसते.

'रस्टिक' म्हणजे नक्की काय? गोणपाट अंथरलं की झालं का?

नाही झालं. माझ्या मते रस्टिक म्हणजे वस्तू जशी आहे तशी दिसू देणं. लाकूड लाकडासारखं दिसावं, कापडाला थोडी चुणी असावी, भोपळ्याला माती लागली होती हे कळावं. सोनेरी रंग फवारलेला पाइनचा शंकू आणि चकचकीत प्लॅस्टिकचं पान यात बसत नाही. 'ग्रॅटिट्यूड' असं कोरलेली लाकडी पाटीही माझ्या टेबलावर बसत नाही, पण तो माझा वैयक्तिक राग आहे, तुमच्याकडे असेल तर खुशाल ठेवा.

सजावटीला जागा किती ठेवायची?

या एका प्रश्नावर बाकी सगळं अवलंबून आहे, म्हणून जरा हिशेबच मांडू. माणशी दोन फूट, म्हणजे साधारण ६० सेंटिमीटर रुंदी लागते. सहा फुटी टेबलाच्या लांब बाजूला तिघं तिघं आणि टोकांना एकेक, असे आठ जण ऐसपैस बसतात. दहा बसवाल तर कोपराला कोपर लागेल, आणि खरं सांगायचं तर घरच्या माणसांत तेही चालतं.

आता रुंदी बघा. टेबल ३६ इंच रुंद असेल, तर एका बाजूचं ताट ११ इंच आणि काठापासून इंचभर मोकळं, असे १२ इंच गेले. समोरच्या बाजूचे तेवढेच. मधे उरला एक फूट. त्याच फुटात पेले, मीठ-मिरी, ग्रेव्हीचं भांडं आणि तुमची हौस मावायची आहे. म्हणून मधली सजावट सहा ते आठ इंचांच्या पट्टीत ठेवायची, आणि ती पट्टीही सलग नको. मधे मधे दोन ठिकाणी तळहाताएवढी मोकळी जागा सोडा. तिथे लोक आपोआप वाटी टेकवतात.

उंचीचं माप तुमच्या हातातच आहे. कोपर टेबलावर टेकवून हात उभा धरा. मनगटाच्या वर काही जायला नको. एका वर्षी मी मधोमध मक्याच्या धांड्यांचा मोठा गुच्छ उभा केला होता. समोर बसलेले माझे दीर जेवणभर धांड्यांशी बोलत होते. सडपातळ मेणबत्त्या त्याहून उंच चालतात, कारण त्यांच्या आरपार दिसतं.

आमच्याकडे दहा-बारा पदार्थ येतात, पॉटलकच असतं, म्हणजे प्रत्येक जण एकेक पदार्थ करून आणतो. ते सगळं टेबलावर कसं मावणार?

मावत नाही, आणि मावायलाही नको. जेवण किचन काउंटरवर किंवा बाजूच्या टेबलावर मांडा, लोक ताट वाढून घेऊन येतील. जेवायच्या टेबलावर फक्त हातोहात फिरणाऱ्या गोष्टी ठेवा: ब्रेड, क्रॅनबेरी सॉस, लोणचं. टर्की किंवा मुख्य पदार्थ मिरवत टेबलावर आणायची हौस असेल तर मधली मोकळी जागा आधीच राखून ठेवा, नाहीतर गरम ट्रे हातात घेऊन "अगं, तो भोपळा उचल" असा आरडाओरडा होतो.

टेबलावर काय अंथरू? पांढरा टेबलक्लॉथ चालेल?

टेबल चांगल्या लाकडाचं असेल तर काहीच अंथरू नका, फक्त मधून एक रनर, म्हणजे कापडाची लांब अरुंद पट्टी टाका. लाकडावरचे ओरखडे अशा दिवशी शोभून दिसतात. टेबलक्लॉथ घालणार असाल तर तो चारी बाजूंनी आठ ते बारा इंच खाली उतरला की पुरे. त्याहून लांब असला तर मांडीवर येतो आणि लहान मुलं तो ओढतात. मुलांच्या टेबलावर मी तपकिरी क्राफ्ट पेपरचा रोल पसरते आणि मधे रंगीत खडू ठेवते. टेबल शेवटी तेच रंगवतात.

रनरसाठी विकतचं बर्लॅप, म्हणजे गोणपाट, घ्यायची गरज नाही. बासमतीच्या दहा-वीस पौंडांच्या गोण्या आपल्या सगळ्यांच्या गॅरेजमध्ये पडलेल्या असतात. शिवण उसवा, आतलं प्लॅस्टिकचं अस्तर असेल तर काढून टाका, छापील बाजू खाली करा आणि दोन-तीन तुकडे एकापुढे एक मांडा. कडा तशाच झिरझिरीत राहू द्या. फक्त दोन दिवस आधी बाहेर वाऱ्यावर टांगा, कारण तागाला एक तेलकट वास असतो आणि तो जेवणात नको. झटकूनही घ्या, नाहीतर कुसं ताटात पडतात.

कुठले भोपळे आणायचे?

बाजारात तीन जातीचे दिसतात आणि ते एकमेकांत मिसळू नका असं मी सगळ्यांना बजावते. पहिले खायचे: शुगर पंपकिन किंवा पाय पंपकिन, एकॉर्न आणि बटरनट स्क्वॉश. दुसरे कोरायचे मोठे नारिंगी, ज्यांचा गर पाणचट आणि तंतुमय असतो. तिसरे निव्वळ शोभेचे: गाठी-गाठींचे, वाकड्या मानेचे, हिरवे-पिवळे पट्टेवाले. हे शोभेचे पुढे भाजीत घालायचे नाहीत. कडू दुधी खाऊ नये हे आपल्याला लहानपणापासून सांगितलं जातं, तोच नियम इथेही आहे. या कुळातल्या फळांत कुकुर्बिटासिन नावाची कडू द्रव्यं असतात, ती पोटाला बाधतात, आणि शोभेच्या वाणांत ती जास्त असू शकतात. शिवाय त्यांच्यावर वॉर्निशही असू शकतं.

माझा कल खायच्या भोपळ्यांकडे असतो. बटरनटचा तो फिकट, मातकट रंग लाकडावर फार देखणा दिसतो. हिरव्या एकॉर्न स्क्वॉशवर एखादा नारिंगी डाग असला की त्याला रंग द्यावा लागत नाही. अधूनमधून जॅक बी लिटल नावाचे मुठीएवढे नारिंगी आणि बेबी बू नावाचे पांढरे भोपळे पेरायचे. निळसर-राखाडी जॅराडेल मिळाला तर एकच घ्या, पण तो टेबलाखाली किंवा दाराशी ठेवा, टेबलावर तो सगळी जागा खातो.

घेताना देठ शाबूत आहे ना ते बघा, पण देठाला धरून उचलू नका. देठ तुटला की तिथूनच सडायला सुरुवात होते. न कापलेला भोपळा घरात कोरड्या जागी कित्येक आठवडे टिकतो. कोरून फुलदाणी केलेला मात्र दोन-चार दिवसांत मऊ पडतो, म्हणून हे काम बुधवारी संध्याकाळीच करा. आत फुलं थेट खोचू नका, काचेचा पेला बसवा. आणि भोपळे मांडताना जोड्या नकोत: तीन इकडे, एक तिकडे, पाच टोकाला. सारख्या अंतरावर ठेवले की दुकानाची शेल्फ वाटते.

रंगीत पानं आणली की दोन दिवसांत चुरगळतात. टिकवायची कशी?

हीटिंगच्या कोरड्या हवेचा तो प्रताप आहे. पान गोळा केल्या दिवशीच वर्तमानपत्राच्या घड्यांत दाबून आठवडाभर जाड पुस्तकाखाली ठेवलं तर सपाट आणि बऱ्यापैकी रंगीत राहतं. लवचीक हवं असेल तर ग्लिसरिन वापरा: एक भाग ग्लिसरिन, दोन भाग पाणी. त्यात पानं पूर्ण बुडवून, वर ताटली दाबून तीन-चार दिवस ठेवायची आणि मग टिपून घ्यायची. रंग थोडा गडद होतो पण पान चामड्यासारखं मऊ राहतं. ओकची पानं मुळातच जाड असल्यामुळे धीट असतात. मेपल दिसायला सुंदर पण रुसते लवकर.

लाल रंगाचं एक गंमतशीर आहे. पिवळा रंग पानात उन्हाळाभर असतोच, हिरवं क्लोरोफिल विरलं की तो उघडा पडतो. लाल मात्र झाड शरद ऋतूत नव्याने तयार करतं. दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री गारवा, पण हिमकडाका नाही, असे दिवस लागोपाठ मिळाले की तो लाल जोरात चढतो. असा आठवडा दिसला की पिशवी घेऊन बाहेर पडा.

पण एक सावधगिरी. झाडावर चढलेल्या वेलीची, तीन-तीनच्या झुबक्यातली लालबुंद पानं फार मोहात पाडतात. ती पॉयझन आयव्ही असू शकते. तिच्यातलं उरुशिओल नावाचं तेल वाळल्या पानावरही टिकतं आणि हातावर खाजरे फोड उठतात. तीन पानांचा झुबका ओळखता येत नसेल तर सोडून द्या. ती पानं शेकोटीतही घालू नका, धूर फुप्फुसात जातो. राष्ट्रीय उद्यानांतून पानं-शंकू उचलून आणायला सहसा मनाई असते, तेव्हा आपलं अंगण आणि शेजाऱ्यांची परवानगी बरी.

शंकू आणि ओकची बोंडं वेचून आणली तर किडे निघतील का?

निघतात. मी पाहिलंय. ओकच्या बोंडात एक सोंडकिडा अंडी घालतो आणि आतली गुबगुबीत पांढरी अळी गोल भोक पाडून बाहेर येते. आमच्याकडची अळी नेमकी जेवणाच्या मध्यात, मॅश्ड पोटॅटोच्या दिशेने निघाली होती. भोक असलेली बोंडं तिथेच टाकून द्या. बाकीची धुऊन, पुसून, ट्रेवर एका थरात पसरून २०० अंश फॅरनहाइटला तासभर भाजा, मधून हलवत राहा. पाइनच्या शंकूंना त्याच तापमानाला अर्धा तास पुरतो. ट्रेला फॉइल लावा, कारण राळ वितळून गळते. उबेने मिटलेले शंकू हळूहळू उघडतात, ते बघायला मुलांना बोलवा. ओव्हन सोडून मात्र कुठे जाऊ नका.

साल असलेल्या लाकडाच्या चकत्या टेबलावर छान दिसतात, पण पेनसिल्व्हेनिया आणि आसपासच्या राज्यांत राहणाऱ्यांनी साल नीट तपासावी. स्पॉटेड लँटर्नफ्लाय ही कीड २०१४ मध्ये तिथल्या बर्क्स काउंटीत पहिल्यांदा सापडली आणि तिथून पसरली. तिची अंडी सालीवर वाळल्या चिखलाच्या लिंपणासारखी दिसतात.

मेणबत्त्या किती आणि कुठल्या?

नोव्हेंबरच्या शेवटी न्यूयॉर्कच्या आसपास साडेचारला सूर्य मावळतो. तीन-चारला जेवायला बसलात तर अर्ध्या जेवणात अंधार पडतो, आणि टेबल खरं तेव्हा खुलतं. त्यामुळे मेणबत्त्यांवर मी हात आखडता घेत नाही. वास नसलेल्याच घ्या. दालचिनीच्या वासाची मेणबत्ती एकटी छान असते, पण खऱ्या जेवणासमोर ती भांडायला उठते. याच दिवसांत किराणा दुकानात मिळणारा, दालचिनीच्या वासाचा शोभेचा झाडूही घराबाहेर, दाराशी टांगलेलाच बरा. मधमाश्यांच्या मेणाच्या मेणबत्त्या महाग असतात, पण त्यांचा मधाळ रंग या टेबलाला शोभतो.

आता अडचण. नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन सांगते की पेटती मेणबत्ती जळू शकणाऱ्या वस्तूपासून किमान १२ इंच दूर हवी. आपल्या टेबलावर मधली सगळी पट्टीच फूटभर. म्हणजे वाळकी पानं आणि उघडी ज्योत एका ठिकाणी नांदू शकत नाहीत. मी जागा वाटून देते: एका भागात उंच काचेच्या चिमण्यांत खऱ्या मेणबत्त्या आणि भोवती फक्त भोपळे, दुसऱ्या भागात पानं आणि त्यांत बॅटरीचे बारीक दिवे. पाणी भरलेल्या काचेच्या वाडग्यातही मेणबत्त्या तरंगवता येतात. त्यात मूठभर ताज्या क्रॅनबेरी सोडा. त्यांच्या पोटात हवेचे कप्पे असतात, म्हणून त्या वर तरंगतात, आणि पाण्यावरचा तो लाल थर बघून प्रत्येक जण विचारतो की हे काय.

आजी-आजोबा भारतातून आलेले असतील तर मोठा दिवा पूर्ण बंद करू नका. "ताटात काय आहे ते दिसत नाही" हे वाक्य मी तीन घरांत ऐकलंय. डोक्यावरचा दिवा डिमरवर अर्धा, पिवळसर उजेडाचा बल्ब, आणि मेणबत्त्या. समई लावायची असेल तर बाजूच्या टेबलावर, कारण तेल ओघळतं.

फुलं कुठली?

शेवंती. इथे ज्याला मम म्हणतात ती. कुंड्या दारोदार असतातच, त्यातली चार फुलं खुडली तरी काम होतं. पितळी तांब्यात विटकरी रंगाची शेवंती आणि दोन गव्हाच्या ओंब्या खोचल्या की दुसरं काही लागत नाही. तांब्या लखलखीत घासू नका. घरात मांजर-कुत्रं असेल तर शेवंती त्यांच्या तोंडाला लागू देऊ नका, दोघांनाही ती बाधते. तयार गुच्छात लिली असेल तर मांजराच्या घरात तो आणूच नका.

नवा डिनर सेट घ्यावा का?

नको. दोन-तीन वेगवेगळे सेट मिसळा, फक्त एकाआड एक असं शिस्तीत लावू नका. स्टीलची ताटंही चालतील, खाली मोठी लाकडी किंवा वेताची चकती ठेवली तर तीच स्टीलची ताटं एकदम निराळी दिसतात. ताटाच्या डावीकडे काटा, उजवीकडे धार आत करून सुरी, तिच्या पलीकडे चमचा, सुरीच्या टोकाच्या वर पाण्याचा पेला. सुती नॅपकिन सुतळीने बांधून गाठीत रोझमेरीची काडी खोचा. ती काडी दुसऱ्या दिवशी बटाट्यांत जाते.

नावाच्या चिठ्ठ्या हव्यातच का?

आठपेक्षा जास्त माणसं असली तर हव्यात. न बोलणारे दोन भाऊ शेजारी-शेजारी येऊ नयेत याची ती एकमेव सभ्य सोय आहे. जॅक बी लिटलच्या देठाला चिठ्ठी बांधा, पाहुणे जाताना भोपळा घेऊन जातात.

शाळेतून मुलांनी पिसांचे कागदी मुकुट आणलेत. ते टेबलावर मांडू का?

मी मांडत नाही. पहिलं थँक्सगिव्हिंग समजल्या जाणाऱ्या, प्लिमथमधल्या इंग्रज वसाहतकारांच्या १६२१ च्या मेजवानीला वांपानोआग हे तिथले मूळनिवासी लोक होते, पुढे त्यांच्या वाट्याला जे आलं ते सगळ्यांना माहीत आहे. १९७० पासून याच दिवशी प्लिमथमध्ये मूळनिवासी लोक शोकदिन पाळतात. त्यांच्या पोशाखाची कागदी नक्कल जेवणाची शोभा म्हणून मला बरी वाटत नाही. मुलांना रंगीत दाण्यांच्या मक्याची कणसं सुतळीने बांधायला द्या. मका आणि भोपळा ही दोन्ही मूळनिवासी शेतकऱ्यांनी जोपासलेली पिकं, हे त्यांना त्याच निमित्ताने सांगता येतं.

कापडावर डाग पडले तर?

मेण सांडलं तर लगेच पुसू नका. बर्फाने कडक करा, खरवडा, उरलेला भाग दोन कागदी टॉवेलांत धरून कोमट इस्त्री फिरवा. हळदीचा डाग साबणाने लाल झाला तर घाबरू नका, ती साबणातल्या क्षाराची करामत आहे. धुऊन ओलंच कापड उन्हात टाका. नोव्हेंबरचं ऊन मवाळ असतं, दोन-तीन दिवस लागतील, पण डाग फिका पडतो.

सगळं झाल्यावर एवढ्या भोपळ्यांचं काय करायचं?

रंगवलेले किंवा वॉर्निश मारलेले कंपोस्टमध्ये घालू नका, बाकीचे चिरून घाला, पानंही त्यातच. कोरलेला भोपळा खायला वापरू नका. न कापलेले शुगर पंपकिन मात्र शुक्रवारी सकाळी किसणीवर घ्या. या भोपळ्याचा गर घट्ट असतो, पाणी कमी सुटतं, त्यामुळे घारग्यांना उत्तम. कीस तुपावर परतायचा, निम्म्याहून थोडा अधिक गूळ घालून शिजवायचा, निवल्यावर मीठ, वेलची आणि त्यात बसेल तेवढी कणीक, खुसखुशीतपणाला चमचाभर तांदळाची पिठी. वेगळं पाणी घालायचं नाही. शुक्रवारी बाकीचं जग सेलच्या रांगेत उभं असतं, तेव्हा आमच्याकडे मुक्कामाला राहिलेले पाहुणे चहाबरोबर गरम घारगे खात असतात, आणि कालच्या टेबलावरचा कुठला भोपळा कढईत गेला यावर वाद चाललेला असतो.